वाकड्या वाटेच्या पात्रांचे कॅम्पेन पाचव्या सेशनपर्यंत का मोडते: निदान आणि उपाय

चोर, भाडोत्री मारेकरी, बनावट कागदपत्रे करणारे, खंडणीखोर, श्रद्धा गमावलेले पुरोहित अशा पात्रांना घेऊन टेबलटॉप रोलप्लेइंग कॅम्पेन, म्हणजे टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एक पात्र वठवत अनेक बैठकांत (सेशनमध्ये) खेळायची सलग गोष्ट, चालवणाऱ्या गेम मास्टरांची, म्हणजे त्या गोष्टीतले जग आणि बाकीची माणसे सांभाळणाऱ्यांची, एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते, आणि तिचा क्रमही जवळपास ठरलेला असतो. पहिले सेशन झकास रंगते. दुसऱ्यात पात्रे एकमेकांपासून काहीबाही लपवू लागतात आणि सगळ्यांना त्याची गंमत वाटते. तिसऱ्यात कोणीतरी लुटीतला वाटा गुपचूप खिशात घालतो, किंवा माहिती काढण्यासाठी पकडलेल्या कैद्याला काही कारण नसताना मारून टाकतो. चौथ्यात दोन पात्रे एकमेकांवर शस्त्र उपसतात, आणि पाचव्या सेशनची तारीख काही केल्या ठरत नाही.

अशी तीन कॅम्पेन मोडताना मी पाहिली आहेत, त्यांतली दोन मीच चालवत होतो. पुढे जी टिकली त्यांत पात्रे अधिक सज्जन होती असे मुळीच नाही. एका कॅम्पेनमधली टोळी तर आधीच्या तिन्हींपेक्षा निर्दय होती, आणि तीच सर्वांत जास्त काळ चालली. म्हणून माझे मत असे झाले आहे की पात्रांचा दुष्टपणा हे या दुखण्याचे मूळ क्वचितच असते. पाणी मुरते ते पात्रांना एकमेकांची गरज नसण्यात. सज्जन पात्रांच्या कॅम्पेनमध्ये ही गरज वेगळी निर्माण करावी लागत नाही, कारण गावावर संकट आले की ही माणसे एकत्र येणारच, हे टेबलावरच्या सर्वांनी न बोलता मान्य केलेले असते. नीतीचा हा आयता सांधा काढून घेतला की त्याच्या जागी दुसरा सांधा आपल्याला घडवून बसवावा लागतो. बहुतेक वेळा तो बसवायचा राहून जातो, आणि खापर मात्र पात्रांच्या स्वभावावर फुटते.

निदान कुठे चुकते

कॅम्पेन विस्कटू लागले की गेम मास्टर बहुधा आधी शिक्षेकडे वळतो. शहराच्या पहारेकऱ्यांची ताकद एकाएकी वाढते, प्रत्येक दुकानदार निवृत्त योद्धा निघतो, आणि पात्रे दर सेशनला तुरुंगाच्या दारात उभी राहतात. याने खेळाडूंना एवढेच कळते की गेम मास्टर आपल्या विरोधात गेला आहे. ते अधिक सावध होतात, आणि वाकड्या पात्राच्या सावधपणाचा अर्थ साक्षीदार जिवंत न ठेवणे असा होतो. म्हणजे ज्या हिंसेला आवर घालायचा होता तीच या उपायाने वाढते.

दुसरा नेहमीचा उपाय म्हणजे अलाइनमेंटवर, म्हणजे पात्राचा नैतिक कल सांगणाऱ्या ठरावीक तक्त्यातल्या खुणेवर, बंदी घालणे: ‘दुष्ट चालेल, पण अराजकी दुष्ट चालणार नाही.’ या तक्त्याकडून एवढी अपेक्षा ठेवणे योग्य नाही. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ आला तेव्हा नियम, तटस्थता आणि अराजक एवढ्या तीनच बाजू होत्या. आज सर्वांना पाठ असलेला नऊ खणांचा तक्ता 1978 च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये आला, 2008 च्या चौथ्या आवृत्तीत तो पाचांवर आणला गेला आणि 2014 च्या पाचव्या आवृत्तीत पुन्हा नवांवर गेला. ज्या खुणेची संख्या खुद्द खेळाचे कर्तेच वारंवार बदलत आले, तिच्यावर टोळीचे ऐक्य कसे उभे राहणार? ‘तटस्थ दुष्ट’ अशी नोंद असलेली दोन पात्रे एकमेकांच्या भागीदारीत वीस वर्षे चोरीच्या मालाचा धंदा करू शकतात, आणि तशीच नोंद असलेली दुसरी दोन पात्रे पहिल्याच रात्री एकमेकांचे गळे कापू शकतात. फरक पडतो तो त्यांच्यात आधी काय घडले आहे आणि पुढे कोणाला कोणाकडून काय हवे आहे याने, आणि तक्ता त्याबद्दल एक अक्षरही सांगत नाही.

एका संध्याकाळची हकिगत

माझे दुसरे कॅम्पेन मोडले त्या संध्याकाळकडे मी नंतर अनेकदा वळून पाहिले आहे, कारण चूक नेमकी कोणत्या क्षणी झाली ते तिथे दिसते. टोळीत चार पात्रे होती. त्यांतला एक सावकारांसाठी वसुली करणारा दांडगा गडी होता, आणि एक बनावट दस्तऐवज करणारी बाई होती; टेबलावर आम्ही त्यांना वसुलीवाला आणि कागदवाली असेच म्हणत असू. एका जवाहिऱ्याची तिजोरी फोडून टोळी बाहेर पडत असताना वसुलीवाल्याच्या खेळाडूने घडी घातलेली चिठ्ठी माझ्याकडे सरकवली. तिच्यावर लिहिले होते, ‘दोन हिरे बुटात.’ मी पडद्याआड फासे टाकले, त्याच्याकडे पाहून मान हलवली आणि खेळ पुढे चालू ठेवला. त्या वेळी मला ही चाल फार आवडली होती.

दोन सेशननंतर कागदवाली पकडली गेली. कोतवालाला लाच देऊन तिला सोडवता आले असते, पण टोळीच्या थैलीत तेवढे पैसे नव्हते. वसुलीवाल्याने आपलेही हात रिकामे असल्याचे सांगितले. तिच्या खेळाडूने अर्धा तास वेगवेगळ्या युक्त्या लढवल्या, एकही लागू पडली नाही, आणि कागदवालीचा उजवा हात मनगटापासून तोडला गेला. त्यानंतर वसुलीवाल्याच्या खेळाडूने आनंदाने जाहीर केले की हिरे तेव्हापासून त्याच्याकडेच होते. कागदवालीची खेळाडू काही बोलली नाही. तिने आपले फासे एकेक करून थैलीत टाकले आणि पात्राचा कागद उभा-आडवा दुमडून वहीत ठेवला. पुढच्या वेळी खेळायचे असेल तर कोणी तो कागद असा चौपदरी दुमडत नाही.

कथा म्हणून पाहिले तर हा प्रसंग उत्तम होता. दगाफटका, हाव, कायमचे अधूपण, सगळे त्यात आले. दुखावली ती खेळाडू. तिने अर्धा तास जे डोके चालवले ते एका खोट्या गृहीतकावर, आणि ते खोटे आहे हे टेबलावरच्या दोघांना ठाऊक होते. त्यांतला एक मी होतो. पात्राने पात्राला फसवले, यात कोणाची काही तक्रार असण्याचे कारण नव्हते. एका खेळाडूने आणि गेम मास्टरने मिळून दुसऱ्या खेळाडूला फसवले, यात होती. पुढचे सगळे उपाय या एका भेदावर उभे आहेत.

पहिला उपाय: टोळी आधी, पात्रे नंतर

प्रत्येक खेळाडूने घरी बसून एकट्याने पात्र रचायचे आणि पहिल्या सेशनला सगळी पात्रे एका पथिकाश्रमात योगायोगाने भेटायची, ही रीत वाकड्या पात्रांच्या कॅम्पेनला मारक आहे. कोणाशी काही संबंध नसलेला, कोणावर विश्वास न ठेवणारा, भूतकाळ गाडून टाकलेला एकलकोंडा मारेकरी कागदावर फार आकर्षक दिसतो, आणि असे चौघे एकत्र आले की त्यांच्यात बोलण्यासारखे काहीच उरत नाही.

जॉन हार्पर यांच्या 2017 च्या ब्लेड्स इन द डार्क या खेळात ही अडचण रचनेतच सोडवलेली आहे. तिथे सगळी पात्रे गुन्हेगारच असतात, पण खेळाडू एकत्र बसून टोळीही ठरवतात: तस्करांची, मारेकऱ्यांची, गुप्त पंथाची किंवा आणखी कशाची. टोळीचा वेगळा कागद असतो, तिचा अड्डा असतो, तिचा दबदबा असतो, आणि टोळी स्वतंत्रपणे अनुभव कमावून वाढते. एखादे पात्र मेले तरी टोळी उरते, म्हणून खेळाडूंची माया आपापल्या पात्राइतकीच त्या सामाईक कागदावर जडते. तुम्ही कोणताही खेळ चालवत असलात तरी एवढी गोष्ट उचलण्यासारखी आहे. एक जादा कागद घ्या, त्यावर टोळीचे नाव, अड्डा, कर्ज, ओळखीची माणसे आणि शत्रू लिहा, आणि तो टेबलाच्या मध्यभागी सर्वांना दिसेल असा ठेवा.

त्यानंतर मी प्रत्येकाला तीन प्रश्न विचारतो आणि उत्तरे सर्वांसमोर द्यायला लावतो. टोळीतल्या कोणी तुमच्यासाठी असे काय केले आहे, ज्याची परतफेड अजून झालेली नाही? तुमचे असे कोणते काम आहे जे टोळीतल्या दुसऱ्या एका विशिष्ट माणसाशिवाय होऊच शकत नाही? आणि असे काय आहे जे तुमचे पात्र कितीही पैसे मिळाले तरी करणार नाही?

दुसऱ्या प्रश्नावर सर्वांत जास्त वेळ द्यावा. ‘मला पैसा हवा आहे’ हे उत्तर मी स्वीकारत नाही, कारण पैसा कोणाकडूनही मिळतो आणि सोबत्याला विकूनही मिळतो. ‘माझा भाऊ खाणीत वेठीला धरला गेला आहे, त्याच्या सुटकेच्या हुकमावर राज्यपालाची सही लागते, आणि ती सही हुबेहूब उतरवणारी मला ठाऊक असलेली एकच व्यक्ती आहे’, असे उत्तर आले की पुढची दहा सेशन निश्चिंतीने चालतात. हे पात्र कागदवालीशी भांडेल, तिचा द्वेष करील, तिच्या पाळतीवरही राहील, पण ती जिवंत आणि धडधाकट राहावी याची काळजी सर्वांत जास्त तेच घेईल. सोबत्यावर प्रेम असण्याची इथे काही आवश्यकता नाही.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना खेळाडू सुरुवातीला अडखळतात, कारण वाकडे पात्र म्हणजे कोणतीही मर्यादा नसलेले पात्र असा त्यांचा समज असतो. प्रत्यक्षात मर्यादा असली की पात्र एकदम डोळ्यांपुढे उभे राहते. आमच्या एका मारेकऱ्याच्या खेळाडूने बराच विचार करून सांगितले होते की आपले पात्र झोपलेल्या माणसाला मारत नाही, आधी जागे करते. त्या एका वाक्यातून किती प्रसंग निघाले आणि त्याच्या सोबत्यांना त्या सवयीपायी किती त्रास झाला, ते लिहायला वेगळा लेख लागेल.

एकत्र बांधण्यासाठी सामाईक शत्रू द्यावा असा सल्ला अनेकजण देतात. मला तो फारसा पटत नाही, कारण शत्रूशी हातमिळवणी करण्याचा मार्ग वाकड्या पात्राला नेहमी मोकळा असतो आणि आज ना उद्या कोणीतरी त्या मार्गाने जातेच. सामाईक कर्ज त्यापेक्षा पक्के ठरते. सावकाराने एकाच कागदावर सगळ्यांचे अंगठे घेतले असतील, तर एकजण पळाला की त्याचा बोजा उरलेल्यांवर पडतो, आणि त्याला शोधून आणण्यात प्रत्येकाचा स्वार्थ असतो.

दुसरा उपाय: गुपिते पात्रांची असावीत, खेळाडूंची नव्हे

हिऱ्यांच्या त्या प्रकरणानंतर मी चिठ्ठ्या बंद केल्या. आता कोणाला काही लपवायचे असेल तर तो टेबलावर उघड म्हणतो, ‘माझे पात्र दोन हिरे बुटात लपवते, आणि हे तुमच्या पात्रांना ठाऊक नाही.’ याने रहस्य नाहीसे होते अशी भीती मला वाटत होती, पण झाले उलटेच. पुढच्या कॅम्पेनमध्ये जवळपास अशीच चोरी झाली तेव्हा फसवली जाणारी खेळाडू स्वतःहून पुढे सरसावली आणि आपल्या पात्राच्या तोंडी घालून म्हणाली, ‘या जगात माझा विश्वास असलेला तू एकटाच आहेस.’ टेबलावर शांतता पसरली. चोरी करणाऱ्या खेळाडूचा चेहरा उतरलेला सगळ्यांनी पाहिला. चिठ्ठीने हे कधीच साधले नसते, कारण तिथे दगाफटक्याचा प्रेक्षक मी एकटाच असतो.

याला जोडून आम्ही एक नियम ठेवला आहे. एका खेळाडूचे पात्र दुसऱ्या खेळाडूच्या पात्राविरुद्ध काही करू लागले, म्हणजे चोरी, विष, हल्ला किंवा चुगली, तर परिणाम काय होतो ते ज्याच्या पात्रावर हे बेतते तो खेळाडू ठरवतो. तो म्हणू शकतो की वार लागला, वार हुकला, किंवा फासे टाकून पाहू. नियम ऐकल्यावर लोकांना वाटते की आता प्रत्येकजण ‘हुकला’ असेच म्हणेल. तसे होत नाही. निर्णय आपल्या हाती आहे ही खात्री पटली की खेळाडू आपल्या पात्राचे नुकसान होऊ द्यायला आपणहून तयार होतात, कारण त्यातून गोष्ट चांगली होणार हे त्यांनाही दिसत असते.

काही खेळ उघड दगाबाजीवरच चालतात, मग आमच्या कॅम्पेनमध्ये ती का चालत नाही, असे कोणी विचारील. 1984 च्या पॅरानोइया या खेळात एकमेकांची चुगली करणे आणि जीव घेणे हाच मुख्य उद्योग आहे, पण तिथे प्रत्येक पात्राला सहा क्लोन मिळतात. एक मेला की दुसरा हजर होतो. जेसन मॉर्निंगस्टार यांच्या 2009 च्या फियास्को या खेळात सगळ्यांचा सत्यानाश अपेक्षितच असतो, पण तो एका बैठकीत संपतो आणि त्यात गेम मास्टरही नसतो. दोन्हींमध्ये दगाबाजी स्वस्त आहे, म्हणून ती परवडते. सहा महिने जपलेले एकच पात्र घेऊन बसलेल्या खेळाडूला ती परवडत नाही. तुमच्या टेबलाला मनापासून तसलाच खेळ हवा असेल तर ते खेळ काढा. लांब पल्ल्याच्या कॅम्पेनमध्ये त्यांची चव मिसळायला गेलात तर ती अंगाशी येते.

‘माझे पात्र असेच वागेल’

हे वाक्य ऐकले की बहुतेक गेम मास्टर गप्प होतात, कारण पात्राशी प्रामाणिक राहणे हा तर चांगल्या खेळाडूचा गुण. पण पात्र आपले आपण काहीच ठरवत नाही. एका माणसाने ते रचले आहे आणि तोच माणूस दर क्षणी ते पुन्हा रचत असतो. म्हणून मी वाद न घालता एवढेच विचारतो: ‘मान्य आहे. याच स्वभावाचे पात्र याच क्षणी आणखी काय काय करू शकेल? दोन गोष्टी सांग.’ लोभी माणूस हिरे चोरू शकतो. लोभी माणूस पुढच्या मोठ्या डावासाठी आज हिरे न चोरण्याइतका धोरणीही असू शकतो. आणि लोभी माणूस हिरे चोरून त्याच रात्री पश्चात्तापाने झोप न येता पडून राहू शकतो. तिन्हींत लोभ कायम आहे. यांतली टेबलाला सोबत घेऊन जाणारी वाट निवडावी, एवढीच अपेक्षा असते, आणि ती सेशनच्या मध्यावर सर्वांसमोर ऐकवण्यापेक्षा सेशन संपल्यावर एकट्याशी बोलून सांगितलेली बरी.

तरीही एखादा खेळाडू दर वेळी तिथेच येऊन थांबत असेल, तर तुम्ही पात्राची समस्या सोडवत नसून त्या व्यक्तीचे काहीतरी बिनसले आहे हे ओळखा. बहुतेकदा त्याला आपल्याकडे कोणाचे लक्ष नाही असे वाटत असते. पुढच्या सेशनमध्ये त्याच्या पात्राभोवती एक प्रसंग रचून पाहा. मला याचा गुण दोनदा आलेला आहे.

तिसरा उपाय: जगाला स्मरण असावे

पहारेकऱ्यांची फौज हा उपाय नव्हे हे वर सांगितलेच आहे, पण याचा अर्थ पात्रांच्या कृत्यांना परिणामच नसावेत असा नाही. परिणाम आधी दिसायला हवेत, हळूहळू वाढायला हवेत, आणि ते मोजण्याची रीत खेळाडूंना ठाऊक हवी.

ब्लेड्स इन द डार्कमध्ये प्रत्येक डावानंतर टोळीच्या नावावर ‘हीट’, म्हणजे कायद्याच्या नजरेत येण्याचे गुण, जमा होते. काम सफाईने आणि गुपचूप झाले तर शून्य, आटोक्यात राहिले तर 2, गाजावाजा झाला तर 4, आणि पुरता धुमाकूळ घातला तर 6. लक्ष्य बडे असेल तर आणखी 1, आणि डावात कोणाचा जीव गेला असेल तर आणखी 2. नऊ खण भरले की टोळीची ‘वाँटेड’ पातळी एकाने चढते, आणि ती खाली आणायची तर टोळीशी संबंधित कोणीतरी तुरुंगात जावे लागते. खुनाचे ते जादा 2 गुण का, यालाही त्या जगात कारण आहे: तिथे कोणी मेले की स्मशानभट्टीची घंटा वाजते आणि प्रेताचा माग काढणारे कावळे उडतात, त्यामुळे खून लपवणे अवघड असते. खेळाडूंना ‘खून करू नका’ असे कोणी म्हणत नाही. ते स्वतःच म्हणतात, ‘याला बांधून ठेवू या, घंटा वाजायला नको.’

ही मोजणी कोणत्याही खेळात बसवता येते. मी टोळीच्या कागदाच्या कडेला नऊ चौकोन काढतो आणि सेशनच्या शेवटी सर्वांच्या देखत ते भरतो. चौथा चौकोन भरला की अड्ड्याच्या गल्लीत अनोळखी माणसे विचारपूस करू लागतात. सातवा भरला की चोरीचा माल घेणारा दलाल भाव पाडतो किंवा भेटायचेच टाळतो. नववा भरल्यावर काय होणार ते मी आधीच सांगून ठेवलेले असते. फौज अंगावर सोडण्यापेक्षा दलालाने तोंड फिरवणे खेळाडूंना किती जास्त झोंबते हे पाहून मला आश्चर्य वाटले होते. पहारेकऱ्याला मारता येते. दलालाला मारले तर माल कोणाला विकणार?

यापेक्षा खोल परिणाम माणसांमधून होतो. 1991 मध्ये मार्क राइन-हेगन यांनी आणलेल्या व्हॅम्पायर: द मॅस्करेड या खेळात पात्राची माणुसकी अंकांत मोजली जाते आणि कृत्यांप्रमाणे ती झिजते. 2018 च्या पाचव्या आवृत्तीत तिला टचस्टोनची जोड मिळाली, म्हणजे पात्राच्या एखाद्या तत्त्वाचे जिवंत रूप असलेला साधा मर्त्य माणूस. त्या माणसाला इजा झाली की पात्राची माणुसकी धोक्यात येते. हा विचार मला सर्वांत मोलाचा वाटतो. प्रत्येक पात्राला एक असे माणूस द्या ज्याच्यासमोर त्याला आपला धंदा लपवावासा वाटतो: म्हातारी शिक्षिका, शेजारचे पोर, दुरावलेला मुलगा. त्या माणसाचे अपहरण मात्र करू नका, निदान लगेच तरी नको. त्याला फक्त प्रश्न विचारू द्या. ‘बाबा, तुमच्या बाहीला हे काय लागले आहे?’ या वाक्याने जे साधते ते वीस पहारेकऱ्यांनी साधत नाही.

बक्षीस कशाचे देता ते तपासा

हा भाग छोटा आहे, पण अनेक टेबलांवरचे दुखणे केवळ एवढ्याने बरे होते. 1981 च्या बेसिक डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये एक हिट डाइसच्या, म्हणजे अगदी दुबळ्या, जीवाला मारले तर 10 अनुभवगुण मिळत, आणि 100 सोन्याची नाणी सुखरूप बाहेर आणली तर 100. साहजिकच त्या काळचे शहाणे खेळाडू लढाई टाळून माल पळवण्याच्या युक्त्या शोधत. 2014 च्या आवृत्तीत साध्या नागरिकाच्या तपशिलापुढे 10 अनुभवगुण लिहिलेले आहेत, पहारेकऱ्यापुढे 25, आणि दुसऱ्या स्तरावर जायला 300 लागतात. आव्हान न लढता पार केल्याबद्दलही गुण देण्याची मुभा गेम मास्टरला आहे, पण अनेक टेबलांवर ती वापरली जात नाही, आणि मग दर पात्रामागे बारा पहारेकरी कापून काढणे हाच वर चढण्याचा सरळ हिशेब उरतो. असा हिशेब समोर ठेवून नंतर खेळाडूंना हिंस्र म्हणणे न्याय्य नाही. मी गुण देतो ते डाव पार पडल्याबद्दल, टोळीतल्या कोणाची जुनी परतफेड केल्याबद्दल, आणि आपल्या मर्यादेपायी नुकसान सोसल्याबद्दल.

काय दाखवायचे नाही

हे सर्वांत आधी ठरवायचे असते. इथे शेवटी आले ते फक्त याबाबत माझ्या मनात काही वाद नाही म्हणून. वाकड्या पात्रांच्या कॅम्पेनमध्ये छळ, लहान मुलांवरचे अत्याचार, लैंगिक हिंसा अशा विषयांपर्यंत गोष्ट सहज घसरू शकते, आणि समोर बसलेल्या माणसाच्या आयुष्यात काय घडून गेले आहे हे आपल्याला ठाऊक नसते. रॉन एडवर्ड्स यांनी रूढ केलेली ‘रेषा आणि पडदे’ ही रीत पुरेशी सोपी आहे: रेषेपलीकडचे खेळात येतच नाही, पडद्याआडचे घडते पण वर्णन होत नाही. जॉन स्टॅव्रोपोलस यांचे एक्स-कार्ड टेबलावर ठेवावे. कोणी त्याला स्पर्श केला की तो तपशील तिथेच सोडून पुढे जायचे आणि कारण विचारायचे नाही. आमच्या टेबलावर छळ पडद्याआड असतो आणि लैंगिक हिंसा रेषेपलीकडे. यावर कोणी हुज्जत घालत असेल तर मी त्याच्याबरोबर खेळत नाही.

आधीच बिघडले असेल तर

चौथे सेशन होऊन गेले आहे, दोन पात्रांत तलवारी निघाल्या आहेत आणि पुढची तारीख ठरत नाही, अशा अवस्थेत हे वाचत असाल तर नवे साहस लिहायला बसू नका. एक बैठक फासे न उघडता घ्या. त्यात प्रत्येकाला विचारा की कोणता प्रसंग तुम्हाला बोचला, आणि तो पात्राला बोचला की तुम्हाला. गेम मास्टरने आपली चूक प्रथम सांगावी; माझ्या बाबतीत ती चिठ्ठी होती, आणि मी ती सांगितल्यावरच इतरांना बोलता आले.

जे खेळाडूला बोचले आहे ते मागे जाऊन बदलायला हरकत नाही. ‘हात तुटला नाही, कोतवालाने बोटांवरच भागवले’, असे सगळ्यांनी मिळून ठरवले तर कथेचे काही बिघडत नाही. जे फक्त पात्राला बोचले आहे ते जसेच्या तसे राहू द्या, तोच पुढचा मसाला आहे. मग काळ सहा महिने किंवा वर्षभर पुढे न्या, मधल्या काळात टोळीवर एक कर्ज चढवा, वरचे तीन प्रश्न आता नव्याने विचारा आणि टोळीचा कागद भरा. एखादे पात्र कोणत्याही उत्तराने टोळीत बसत नसेल तर ते गेम मास्टरकडे सोपवून त्याचे एनपीसी, म्हणजे गेम मास्टरने चालवायचे पात्र, करा, आणि त्या खेळाडूला नवे पात्र त्याच स्तरावर द्या. ते टोळीच्या कागदावरच्या एखाद्या ओळखीच्या नावातून आलेले असावे.

नव्या सुरुवातीचे पहिले दृश्य लुटीचे ठेवू नका. वाटणीचे ठेवा. डाव आधीच पार पडला आहे, मेजावर नाण्यांचे ढीग आहेत, सावकाराचा माणूस दाराबाहेर उभा आहे आणि रक्कम थोडी कमी पडते आहे. कोण आपल्या ढिगातून किती काढून देतो ते एकेका खेळाडूला विचारा, आणि ज्याच्यावर टोळीतल्या कोणाचे जुने देणे आहे त्याला शेवटी विचारा.